इस्त्री फिरलेला तेलाचा डाग निघतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निळा शर्ट, सुती-पॉलिस्टर मिक्स, पोटावर खाण्याच्या तेलाचे तीन डाग. सांडलं तेव्हा लक्षातच आलं नाही, दोनदा मशीनला धुतला, इस्त्री झाली, मग कपाटात सात-आठ महिने पडून राहिला आणि आता घालायला काढला तर डाग दिसतायत. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट सगळं करून झालंय. सोबत एक जाड सुती पॅन्ट आहे, तिच्या पायाशी सायकलच्या चेनचं काळं ग्रीस, तेही जुनंच. आणि शेवटी विचारलंय की आता ब्लीच मारू का.

ब्लीच मारू नका. सध्या एवढं पाळा, बाकीचं सावकाश वाचा.

मी वीसेक वर्षं लाँड्रीत डाग काढायच्या टेबलावर काम केलंय, म्हणजे कपडा मशीनमध्ये जायच्या आधी ज्याच्या हाताखालून जातो तो माणूस. तुम्ही सगळा दोष डागाच्या वयाला देताय, पण मला वयाची फारशी भीती वाटत नाही. कपाटात वर्षभर पडलेला पण एकदाही न तापलेला डाग आणि परवाच पडलेला पण इस्त्री फिरलेला डाग, यातला एक निवड म्हटलं तर मी डोळे मिटून वर्षभराचा घेईन. तुमचा शर्ट तापलाय हा एक भाग, आणि इतके दिवस त्याच्यावर जे जे लावलं त्यातलं जवळपास काहीच तेलापर्यंत पोचलं नाही हा दुसरा.

तापल्याने काय होतं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. खाण्याची बरीचशी तेलं हवेतला ऑक्सिजन हळूहळू घेतात आणि त्यांचे रेणू एकमेकांना जोडले जायला लागतात. तेल आधी चिकट होतं, मग पिवळट, मग पापुद्र्यासारखं घट्ट. तेलाच्या बाटलीच्या बाहेर किंवा स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यांवर जो चिकट पिवळा थर बसतो ना, तोच प्रकार. चित्रकार रंगात जवसाचं तेल वापरतात तेही ह्याच गुणासाठी, ते वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवा खाऊन घट्ट होतं. थंड कपाटात हे काम रमतगमत चालतं, इस्त्रीखाली किंवा ड्रायरमध्ये ते फार भराभर होतं. त्यामुळे तुमच्या शर्टावर आत्ता दोन गोष्टी एकत्र आहेत, थोडं अजून तेलच असलेलं तेल आणि थोडं वार्निश झालेलं तेल. पहिलं निघतं. दुसरं कधी निघतं, कधी फिकट होतं, कधी नाही. किती भाग कुठला हे मला इथून सांगता येणार नाही, पण तुम्हाला घरी बघता येईल.

कोरडा शर्ट खिडकीसमोर धरा. डागातून उजेड आजूबाजूच्या कापडापेक्षा जास्त येत असेल, कागदावर तेल पडल्यावर दिसतं तसं, तर आत अजून तेल आहे. उजेड सारखाच येतोय पण पिवळट-तपकिरी छटा दिसते, तर तेल बरंचसं गेलंय आणि मागे राहिलाय तो रंग. आणि बोटाला तिथे कापड कडक लागत असेल तर वार्निशची बाजू वरचढ आहे. या तीन गोष्टींवर पुढे काय वापरायचं ते ठरतं, म्हणून ही पायरी सोडू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

यातच अजून एक मेख आहे ज्यामुळे लोक वर्षानुवर्षं फसतात. ओल्या कपड्यावर तेलाचा डाग दिसत नाही. कापड कोरडं असताना धाग्यांच्या मधे हवा असते, त्यामुळे उजेड विखुरतो आणि कापड उजळ दिसतं. तेल भरलं की तिथे उजेड कमी विखुरतो, कारण तेलाचा अपवर्तनांक (उजेड आत शिरताना किती वाकतो त्याचं माप) साधारण १.४७ आणि सुताच्या धाग्याचा साधारण १.५५, म्हणजे जवळजवळ सारखेच, म्हणून डाग गडद दिसतो. पाणी भरलं (१.३३) की सगळाच कपडा गडद होतो आणि डाग त्यात लपतो. तुम्ही बादलीतून काढून बघता, वा, गेला म्हणता, इस्त्री फिरवता आणि स्वतःच्या हाताने उरलेलं तेल भाजून पक्कं करता. तुमच्या शर्टाचं बहुतेक हेच झालंय. म्हणून माझ्या टेबलावर एकच कडक नियम होता, कपडा पूर्ण वाळल्याशिवाय डागाबद्दल कोणी बोलायचं नाही आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री जवळ आणायची नाही.

आता शर्ट.

कोरड्या शर्टापासून सुरुवात करा. लोक आधी भिजवतात आणि मग साबण लावतात, तिथेच गाडी चुकते, कारण धाग्यांमधल्या जागा पाण्याने भरल्या की साबण पातळ होतो आणि तेलापर्यंत जाताना त्याचा जोर निम्मा होतो. डागाच्या खाली जुना पांढरा टॉवेल घडी करून ठेवा आणि भांडी घासायचं लिक्विड, शक्यतो बिनरंगाचं, थेट डागावर घाला. बोटाने किंवा मऊ टूथब्रशने हळूहळू आत मुरवा, मग शर्ट उलटा करून मागच्या बाजूनेही. भांड्यांचं लिक्विडच का, तर ते बनवलेलंच असतं तेलकट थर सोडवायला. त्याच्या रेणूचं एक टोक तेलात घुसतं, दुसरं पाण्याला धरून असतं, आणि तेल बारीक थेंबांत सुटून पाण्याबरोबर निघून जातं. कपड्यांच्या पावडरीतही हेच असतं पण पूर्ण बादलीत पातळ झालेलं, इथे आपण ते डागावर जसंच्या तसं ठेवतोय.

आणि मग हात मागे घ्या. खरं काम इथे वेळ करतो, मनगट नाही. ताज्या डागाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, तुमच्या डागाला मी एक तास देईन, मधे मधे कोमट पाण्याचे दोन-चार थेंब टाकून, म्हणजे लिक्विड वाळणार नाही. जोरात घासलं तर तेल निघत नाही, वरचे तंतू मात्र फुलतात, आणि मग डाग गेला तरी तिथे पांढुरका चट्टा राहतो, तो मात्र कशानेच जात नाही. निळ्या शर्टावर तर लांबूनच दिसतो.

तासाभराने लेबलवर चालेल तेवढ्या गरम पाण्याने खंगाळा, मिक्स कापडाला साधारण ४० अंश, आणि पाणी मागच्या बाजूने सोडा म्हणजे तेल ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर येईल. हे सगळं लगेच पुन्हा एकदा करा. मग एन्झाइमवाल्या पावडरीत किंवा लिक्विडमध्ये कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला. पाकिटावर लायपेज लिहिलेलं असेल तर उत्तमच, ते एन्झाइम खाण्याच्या तेलाचे तुकडे करतं आणि तुकडे झालेलं तेल साबणाला सोपं जातं. फक्त एका धुण्यात चमत्कार धरू नका, लायपेजचा फरक दोन-तीन धुण्यांत जास्त दिसतो. उकळतं पाणी घातलंत तर एन्झाइमच मरतं, मग पावडर चांगली असून काही उपयोग नाही. सकाळी नेहमीसारखं धुवा, सावलीत वाळवा, खिडकीसमोर धरा. ही एक फेरी झाली.

किती फेऱ्या करायच्या हे सगळे विचारतात. माझा हिशोब असा की प्रत्येक फेरीला डाग थोडा तरी हलत असेल तर तीच पद्धत चालू ठेवायची, चार फेऱ्या लागल्या तरी चालेल. पण सलग दोन फेऱ्यांत काहीच फरक नाही, तर तेच अजून जोरात करण्यात अर्थ नाही, औषध बदलायचं.

समजा डागातून अजून उजेड येतोय, म्हणजे तेल शिल्लक आहे पण घट्ट झालंय. इथे माझ्याकडे एक उपाय आहे जो ऐकून लोक हसतात, डागावर अजून तेल घालायचं. बिनवासाचं बेबी ऑइल किंवा कुठलंही पातळ मिनरल ऑइल, एक-दोन थेंब, फक्त डागापुरतं. तेल तेलातच विरघळतं, जुना घट्ट थर ताज्या पातळ तेलात सैल होतो, आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा तेच, भांड्यांचं लिक्विड, कोरड्यावरच, तासभर. पहिल्यांदा करताना छातीत धस्स होतं कारण डाग मोठा आणि ताजा दिसायला लागतो, तो तसा दिसायलाच हवा. लिक्विड मात्र नेहमीपेक्षा जास्त घ्या, नाहीतर तुम्ही फक्त नवा डाग पाडलात. तुमचा शर्ट मिक्स आहे म्हणून हे मुद्दाम सांगतोय, सुताला पाण्याची ओढ असते आणि पॉलिस्टरला तेलाची, त्यामुळे नुसतं पाणी आणि पावडर यांच्यापुढे पॉलिस्टर तेल सहजी सोडत नाही.

आणि समजा उजेड सारखा येतोय, फक्त पिवळं दिसतंय, तर साबणाचं काम संपलं. आता ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. पाण्यात टाकलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. पेरॉक्साइड पिवळेपणावर काम करतं आणि सोडा जुन्या तेलात तयार झालेली आम्लं सोडवतो, त्यामुळे जुन्या खाद्यतेलाच्या डागावर ही जोडी बरी चालते. गार पाण्यात ते आळशी असतं, ४० अंश तरी हवं, पाकिटावरच्या प्रमाणात, दोन-तीन तास. रंगीत कपड्याला साधारण चालतं पण साधारण हा शब्द लक्षात ठेवा आणि आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून अर्धा तास बघा. एक सावधगिरी, तयार केलेलं पाणी झाकण घट्ट लावून बाटलीत भरून ठेवू नका, आत गॅस तयार होत राहतो आणि बाटली फुगते, फुटूही शकते. लागेल तेवढंच करा आणि उरलेलं ओतून द्या.

तुम्ही जे केलंत त्याबद्दलही बोलतो, कारण हे सगळीकडे सांगितलं जातं आणि माझ्याकडे येणारे निम्मे बिघडलेले कपडे ह्याच उपायांतून आलेले असायचे. बेकिंग सोडा, टाल्कम, खडूची पूड हे सगळं ताजं पातळ तेल शोषायला छान, पहिल्या तासात. मुरलेलं तेल शोषलं जात नाही. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जे फसफसतं ते बघायला मजा येते पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते पाणी, उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि थोडं सोडियम अॅसिटेट, आणि तेल जिथल्या तिथे. लिंबाचं आम्ल तेलाला काही करत नाही, वरून उन्हात वाळवलं तर निळा रंग उतरू शकतो. टूथपेस्टमध्ये घासायची बारीक पूड असते, तिने कापड झिजतं, म्हणून ज्या ठिकाणी टूथपेस्ट घासलीत तिथे फिकट ठिपका झालाय का ते बघा, असला तर तो डाग नाही, त्याच्यामागे लागू नका.

आणि ब्लीच, म्हणजे क्लोरीनवालं. ते रंग उडवतं, तेल काढत नाही. निळ्या शर्टावर मारलंत तर तेल राहील आणि त्याच्याभोवतीचा निळा जाईल. व्हिनेगरने भिजलेल्या कपड्यावर तर अजिबात नको, आम्ल आणि हे ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अमोनियावाल्या क्लीनरसोबतही नको, त्यातूनही विषारी वायू होतात.

आता पॅन्ट, आणि इथे सगळं गणित वेगळं आहे. चेनचं ग्रीस म्हणजे बहुधा खनिज तेल, त्याला घट्ट करायला घातलेला धातूचा साबण, आणि जो काळा दिसतोय तो भाग म्हणजे चेन झिजून आलेली धातूची बारीक पूड आणि रस्त्यावरची धूळ. खनिज तेल खाण्याच्या तेलासारखं पटकन वार्निश होत नाही, म्हणून जुनं असलं तरी तेलाचा भाग चांगला निघतो. पण लायपेजचा इथे उपयोग शून्य, ते खनिज तेलाला ओळखतच नाही. आणि काळी पूड कशातच विरघळत नाही, तिला तेलासोबतच बाहेर वाहून न्यावं लागतं. आधी तेल काढलं आणि पूड मागे राहिली की ती धाग्यांत अडकून करडी सावली बनते आणि मग तिला धरायला काही उरत नाही.

म्हणून पॅन्टला पाणी लावू नका. बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने वरचं जेवढं खरवडून निघेल तेवढं काढा. मग डागाची बाजू खाली, पांढऱ्या टॉवेलवर, आणि मागून मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल थोडंथोडं कापसाने टिपा, नेहमी बाहेरच्या कडेकडून मध्याकडे, नाहीतर डाग पसरत जातो. टॉवेलवर काळं उतरायला लागेल, तसतसा टॉवेल सरकवत स्वच्छ जागा खाली आणा. टॉवेलवर काळं येणं थांबलं की मगच भांड्यांचं लिक्विड, तासभर, आणि गरम साबणाचं पाणी, जाड सुती आणि रंग पक्का असेल तर ६० अंशही चालतं. गॅरेजवाले हात धुवायला जी पेस्ट वापरतात तीही इथे छान काम करते कारण तिच्यात बऱ्याचदा विरघळवणारं द्रव्य आणि साबण दोन्ही असतं, फक्त रेतीवाली नको. सर्जिकल स्पिरिट बरेच जण सुचवतात, पेनच्या शाईला ठीक आहे, ग्रीसपुढे ते फिकं पडतं.

हे काम उघड्यावर करा, जवळ गॅस, उदबत्ती, सिगरेट काही नको, हातात मोजे. पेट्रोल वापरू नका, त्याची वाफ फार पटकन पेटते. आणि तेल-टर्पेंटाइन लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून बाहेर वाळवा. हे मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये, खाद्यतेल किंवा जवसाचं तेल मुरलेली फडकी ढिगात आपोआप तापत जातात आणि पेटतात, तेलकट टॉवेल ड्रायरमधून गरम काढून घडी करून रचले तरी हेच होऊ शकतं. लाँड्रीच्या धंद्यात हे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात.

आत्तापर्यंतचं एका दमात सांगायचं तर शर्टाला आधी उजेडाची परीक्षा, मग कोरड्यावर लिक्विड आणि एन्झाइम, मग गरजेप्रमाणे बेबी ऑइल किंवा परकार्बोनेट. पॅन्टला आधी खरवडणं, मग टर्पेंटाइन, मग साबण, पाणी सगळ्यात शेवटी.

हे वाचून कोणी रेशमी किंवा लोकरीच्या कपड्यावर प्रयोग करणार असेल तर थांबा. तिथे परकार्बोनेट नको, एन्झाइमवाली पावडर नको (तिच्यातलं प्रोटीएज प्रथिनं तोडतं, आणि रेशीम आणि लोकर प्रथिनंच आहेत), गरम पाणी नको, चोळणं नको. सौम्य शाम्पू, गार-कोमट पाणी, हलक्या हाताने, नाहीतर सरळ ड्रायक्लीनला द्या. आणि लेबलवर अॅसिटेट (एक प्रकारचं कृत्रिम कापड) लिहिलं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा, त्यात बऱ्याचदा अॅसिटोन असतं आणि ते हे कापडच विरघळवतं. मी सुरुवातीच्या दिवसांत एका कोटाच्या अस्तरावर तेलकट डागासाठी अॅसिटोन टिपलं, डाग गेला, अस्तरही गेलं, भोकाच्या कडा विरघळलेल्या प्लास्टिकसारख्या चिकट. लेबल आतल्या खिशात होतं आणि मी वाचलं नव्हतं. कोटाचे पैसे माझ्या पगारातून गेले, तेव्हापासून मी लेबल दोनदा वाचतो.

ड्रायक्लीनला देणार असाल तर काउंटरवर तोंड उघडून सांगा की डाग तेलाचा आहे, इतका जुना आहे, इस्त्री झालीय आणि घरी अमुक अमुक लावून झालंय. लोक लाजून सांगत नाहीत. तिथला माणूस पिवळा डाग बघून तो चहाचा समजला तर चुकीचं औषध लावेल आणि मशीनमधली शेवटची गरम हवा उरलंसुरलं पक्कं करेल. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी तेल विरघळवणारं द्रव्य असतं, त्यामुळे न वार्निश झालेलं तेल तिथे आपल्या लिक्विडपेक्षा छान निघतं. वार्निश झालेलं तिथेही अडतं.

माझा अंदाज विचाराल तर पॅन्टवरची करडी सावली थोडी राहील, पायाशी आहे, चालून जाईल. शर्टावरचे दोन डाग जातील आणि जो इस्त्रीखाली सगळ्यात जास्त भाजलाय तो फिकट होईल. चार फेऱ्या आणि एक परकार्बोनेट झाल्यावरही तो तसाच असेल तर सोडून द्या, त्यापुढे डागाआधी कापड विरतं.

आणि मधेच विचारलं होतं की हे कपडे बाकीच्यांसोबत मशीनला चालतील का. शर्ट चालेल, लिक्विड नीट खंगाळून काढलं असेल तर, नाहीतर मशीनभर फेस होईल. पॅन्ट नाही. टर्पेंटाइनचा वास पूर्ण जाईपर्यंत बाहेर वाऱ्यावर टांगा, मग हाताने साबणात धुवा, आणि वास अजिबात येत नसेल तेव्हाच मशीनला, तेही एकटी, आणि ड्रायर नाहीच. पहिली फेरी झाली की शर्टाचा फोटो दाखवा, पूर्ण वाळलेला, खिडकीसमोर धरून, मग पुढचं औषध ठरवू.